रविवारी अडणारं घड्याळ

पोदगोरा गावात चाळिशी ओलांडलेलं कुणीही तोंड उघडून हसलं की त्यात थोडा थोडा रोमान लुंडर दिसायचा. एकतीस वर्षं त्यानं त्या खोऱ्यातल्या दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. कुणाची वरची, कुणाची खालची, पाद्रीबुवांच्या दोन्ही. कोण दात ग्लासात ठेवून झोपतं, कुणाच्या नवऱ्याला लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायकोचे पुढचे चार दात तिचे नाहीत हे माहीत नाही, सगळी माहिती त्याच्यापाशी होती. पण बाबा तोंडाचा घट्ट. एक अक्षर बाहेर जायचं नाही. आता जो माणूस दुसऱ्यांविषयी बोलत नाही त्याच्याविषयी बोलायला गावाला किती मोकळीक मिळते, हे वेगळं सांगायला नको.

तशी संधी गावाला मिळाली ती तोंच्का मावशीमुळे. मावशी म्हणजे रोमानची शेजारीण, वय अठ्ठ्याहत्तर, कमरेत वाकलेली, पण जिभेत अजिबात नाही. निवृत्तीच्या आधी रोमाननं बनवलेली शेवटची कवळी तिची. ती पहिल्या आठवड्यात छान बसली आणि दुसऱ्या आठवड्यापासून वाजायला लागली. बोलताना टक्, खाताना टक् टक्, आणि चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना तर असा ठेका धरायची की पुढच्या बाकावरची माणसं मान डोलवायची. रोमाननं ती दोनदा घासून, भरून, पुन्हा बसवून दिली. दोन्ही वेळा आठ दिवसांत टक् टक् परत हजर.

त्याच सुमारास रोमानच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कॉफीचा कप उचलताना थरथरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं, दुसरं काही नाही. पण गावात दोन गोष्टी शेजारी शेजारी पडल्या की त्यांचं लग्न लावायला कितीसा वेळ लागतो? सिल्वो पिर्नातनं ते लावलं. हा सिल्वो गावच्या बंबवाल्यांचा नायक. आग वर्षातून एखादीच लागायची, त्यामुळे उरलेले दिवस तो खानावळीत बसून माणसांना चटके द्यायचा. त्यानं भरल्या बाकांसमोर जाहीर केलं, "रोमानच्या हाताला कंप, आणि तोंच्काच्या तोंडात भूकंप!"

सगळे हसले. रोमानही हसला. घरी आला, आपली बारीक हत्यारं पुसून डब्यात भरली आणि डबा कपाटावर ठेवून दिला. मुदतीच्या दोन वर्षं आधी त्यानं निवृत्ती घेतली. मार्येतानं, म्हणजे बायकोनं, विचारलं तेव्हा म्हणाला, "पुरे झालं. लोकांच्या तोंडात किती दिवस काम करायचं?"

मार्येता शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम केलेली बाई. तीनशे पोरांना जेवू घालणाऱ्या बाईला एका नवऱ्याचा चेहरा वाचता येत नाही असं कसं होईल?  वर्षभर हा माणूस खिडकीशी बसून फक्त हवामान बघतोय म्हटल्यावर तिनंच त्याला कुठूनसं एक कात्रण आणून दिलं. लाकडी घड्याळ. सगळं लाकडाचं, चाकं, दात, काटे, लंबकसुद्धा. फक्त वजनाच्या डब्यात शिसं.

रोमाननं ते कात्रण तीन दिवस टेबलावर उलटसुलट केलं. चौथ्या दिवशी म्हणाला, "दातच आहेत की हे. फक्त गोलात लावलेत."

झालं. शेजारच्या गावातल्या स्वयंपाकघरातली कपाटं बनवणाऱ्या सुताराकडून त्यानं एक जुनं सीएनसी मशीन उचललं. संगणकात आकृती भरायची, लाकडाची फळी खाली आवळायची आणि बाजूला व्हायचं. मग ते यंत्र आपलं आपण फिरत, पेन्सिलीएवढं कटर खालीवर करत, हवा तो आकार कोरून काढतं. मशीन ठेवलं परसातल्या ज्या खोलीत शेवटचं डुक्कर राहायचं तिथं. मार्येता दारात उभी राहून ते सुरू झालेलं बघत होती. दुधाच्या किटलीत गांधीलमाशी अडकावी तसा आवाज. ती म्हणाली, "आधीचं निदान सणाला तरी उपयोगी पडायचं."

पहिल्या दिवसाची कथा तर गावात अजून सांगतात. आकृती होती अमेरिकेतली, मापं इंचांत. मशीन बिचारं युरोपातलं, त्यानं ती मिलिमीटर समजून घेतली. रोमान तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा लावून आठ इंचांचं चाक निघण्याची वाट बघत उभा, आणि यंत्रानं एवढ्या मोठ्या फळीच्या मधोमध जरासं टोकरून शर्टाच्या बटणाएवढी एक चकती बाजूला टाकली आणि थांबलं. मार्येतानं ती चकती त्याच्या कामाच्या कोटाला टाचून टाकली. अजूनही तिथंच आहे. वरून दुसरं बटण.

पण माणूस चिकाटीचा. हिवाळा गेला, वसंत आला, आणि मे महिन्यात घड्याळ तयार झालं. पांढरट मेपलची चौकट, लहान चाकं त्याचीच, आणि मधलं मोठं चाक नासपतीच्या अखंड लाकडाचं. या छंदातल्या जाणत्या लोकांनी संगणकावरून त्याला पन्नासदा बजावलं होतं की मोठं चाक प्लायवूडचं कर. पण नासपतीचा तो लालसर, मधासारखा रंग बघून रोमानचा जीव त्यात अडकला. लाकूडही घरचंच, सासऱ्यांच्या बागेतलं, वादळात पडलेल्या झाडाचं. प्लायवूड काय, कपाटाच्या पाठीला लावतात!

एक गोष्ट मात्र यंत्राला जमत नव्हती. कटर गोल असतं, ते आतला कोपरा टोकदार काढू शकत नाही, तिथं थोडी गोलाई राहतेच. आणि टिकटिक करणाऱ्या त्या चाकाच्या तीस दातांचे कोपरे टोकदारच हवेत. तिथं कानस आणि हात. रोमाननं कपाटावरचा डबा खाली काढला. तीस कोपरे, दहा दिवस. दिवसाला तीनच, सकाळच्या उजेडात, कॉफी प्यायच्या आधी, म्हणजे बोटं शांत असताना. मार्येता त्या दहा दिवसांत स्वयंपाकघरात चवड्यांवर चालायची.

घड्याळ लागलं स्वयंपाकघरात, चूल आणि खिडकी यांच्या मधल्या भिंतीवर, कारण बाकीच्या भिंती संतांनी, कॅलेंडरांनी आणि मार्येताच्या माहेरच्या बशांनी अडवल्या होत्या. आणि ते चाललं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, एक दिवस खंड नाही. रोमान सकाळी उठून वजन वर ओढायचा आणि उगाच दोन मिनिटं तिथं उभा राहायचा. टिक् टक्, टिक् टक्. तोंच्का मावशीची टक् टक् रोज कुंपणापलीकडून ऐकणाऱ्या माणसाला ही टिक् टक् औषधासारखी लागली.

सप्टेंबरअखेर बंबवाल्यांच्या बैठकीत सिल्वो उठला. सभागृहातलं विजेचं घड्याळ मेलं होतं. "नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला," तो म्हणाला, "सगळं गाव बदक खायला आणि नवी वाईन चाखायला इथं जमेल, तेव्हा त्या भिंतीवर आपल्या रोमानचं लाकडी घड्याळ पाहिजे. तेच, नासपतीचं. काय रोमान, चालेल ना? म्हणजे, घड्याळ?"

पुन्हा सगळे हसले. रोमान उठून म्हणाला, "चालेल." आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, पावणेअकराच्या सुमारास, घड्याळ बंद पडलं.

त्यानं लंबक हलवला. चार ठोके चालून पुन्हा बंद. दुपारभर तो त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसला. संध्याकाळी पुन्हा धक्का दिला, तर आपलं काहीच झालं नाही अशा थाटात चालू! सोमवार ते शनिवार बिनतक्रार. पुढच्या रविवारी साडेदहाला बंद. तिसऱ्या रविवारी अकराला. चौथ्याही.

रविवार पाळणारं घड्याळ! पाद्रीबुवांना कळलं असतं तर त्यांनी त्याला आशीर्वाद दिला असता. रोमानला मात्र झोप लागेना. त्यानं आधी चर्चच्या घंटेवर संशय घेतला. रविवारी दहाला मोठी घंटा वाजते, भिंत हादरत असेल. त्यानं घड्याळामागं नमद्याचे तुकडे लावले. फरक नाही. मग मार्येतावर.

"तू रविवारी याला हात लावतेस?"

"मी? रविवारी मला नाक पुसायला वेळ नसतो. हात कसला लावतेय!"

"पुसतेस का? फडक्यानं?"

"रोमान, त्या घड्याळाला मी लावीन तो लाटण्याचा हात असेल, फडक्याचा नाही."

शेवटी त्यानं संगणकावरून छंदवाल्या मित्रांना विचारलं. हॉलंडमधल्या एका निवृत्त मास्तरानं सविस्तर उत्तर दिलं आणि त्याच्या शेवटी लिहिलं, की माझ्या अनुभवात असं अधूनमधून अडणं हे बहुधा हातानं घासलेल्या दातांचं दुखणं असतं, यंत्र चुकत नाही, हात चुकतो.

रोमाननं संगणक बंद केला. त्याला हवं नव्हतं तेच उत्तर आलं होतं. तीस कोपऱ्यांपैकी एखादा वाकडा असणार. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही, म्हणजे डोळाही गेला आणि बोटही गेलं. तोंच्का मावशीची कवळी, आता हे. त्यानं भिंगातून तिसाच्या तीस दात तीनदा तपासले, त्याला कुठं खोट दिसेना, आणि खोट दिसत नाही याचीच त्याला जास्त भीती वाटली.

सणाला दहा दिवस उरले होते. गुरुवारी रात्रीचं जेवण झाल्यावर तो मार्येताला म्हणाला, "या रविवारी बंद पडलं तर मी सिल्वोला नाही म्हणून कळवणार. मशीन सुताराला परत. आणि तो हत्यारांचा डबा नदीत."

"नदीत कशाला? मासे काय कवळ्या लावणार आहेत?" मार्येता म्हणाली. पण त्याच्याकडे बघितलं आणि तिचं हसू मावळलं. तिला शनिवारी तिच्या भाचीच्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राजधानीत, लुब्लियानाला जायचं होतं, रविवारी संध्याकाळी परत. "मी राहू का?"

"जा तू. बरंच आहे. घरात मी आणि ते, दोघंच. कोण खोटं बोलतंय ते कळेल."

आणि म्हणून तो रविवार उजाडला तेव्हा लुंडरांच्या घरात, लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, चुलीवर काही नव्हतं. रोमाननं पाव आणि चीज खाल्लं, खुर्ची घड्याळासमोर ओढली आणि बसला. दहा वाजले. मोठी घंटा वाजली. साडेदहा.  पावणेअकरा. टिक् टक्. अकरा वाजले तेव्हा तो उठून उभा राहिला, जणू राष्ट्रगीत चालू होतं. अकरा वाजून पाच. दहा. घड्याळ चालत होतं! त्यानं मोठ्यानं म्हटलं, "अरे माझ्या राजा!" आणि त्याच क्षणी दारावर लाथ बसली.

लाथच, कारण तोंच्का मावशीचे दोन्ही हात अडकलेले होते. तिच्या हातांत फडक्यात धरलेलं एक मोठं पातेलं होतं.

"उघड रे मेल्या, हात भाजतायत! सिलिंडर संपला. ऐन रविवारी! दुकानं सगळी बंद. माझं सूप अर्धवट, टक्, मांस अजून दगडासारखं. तुझी बायको नाही ना? मग तुझी चूल रिकामीच असणार. टक्."

"मावशी, आज जरा—"

"आज जरा काय? बिनसुपाचा रविवार घालवू? माझा बाप युद्धातसुद्धा बिनसुपाचा बसला नाही." तिनं पातेलं थेट घड्याळालगतच्या चुलीवर ठेवलं, जाळ लावला, झाकण तिरकं केलं, आणि सुपाला रंग यावा म्हणून अर्धा कांदा तव्यावर काळा करायला टाकला. मग रोमानच्याच खुर्चीवर बसली. "तुलाही मिळेल वाटीभर. बायको सोडून गेल्यासारखं तोंड करून नको बसू."

रोमान आज कुणालाही माफ करायला तयार होता. घड्याळ चाललं होतं ना! तो बाकावर बसून मावशीचं गॉसिप ऐकत राहिला. पाद्रीबुवांची स्वयंपाकीण कुणाबरोबर फिरते, सिल्वोच्या बायकोनं पडदे कुठून आणले. बाहेर नोव्हेंबरचं धुकं, खिडक्या गच्च बंद. पातेलं हळूहळू खदखदत होतं. गाजर, सेलरी, हाडांचा वास घरभर. बारा वाजले. साडेबारा. मावशीनं फेस काढला, चव बघितली, अजून वेळ आहे म्हणाली. एक वाजून दहा मिनिटांनी तिनं एक गोष्ट मध्येच थांबवली.

"रोमान, तुझं ते यंत्र गप्प झालं रे."

त्यानं वर बघितलं. लंबक सरळ खाली लोंबत होता.

 तो तसाच बसून राहिला. दुपारी सुताराला फोन करावा का उद्या सकाळी, एवढाच विचार डोक्यात. मावशी काहीतरी बोलत होती. त्याची नजर नुसती भिंतीवरून फिरत होती, आणि फिरता फिरता खिडकीवर गेली. काचेवर वाफ धरली होती. वाफेचा एक थेंब काचेवरून घरंगळत खाली येत होता. सकाळी काच स्वच्छ होती.

सकाळी काच स्वच्छ होती.

तो ताडकन उठला. "मावशी, किती वाजता आलीस तू?"

"सव्वाअकरा असतील. का? हिशेब ठेवतोस?"

सव्वाअकरा ते एक वाजून दहा. दोन तास. मार्येता आठला सूप चढवते आणि घड्याळ साडेदहा, पावणेअकराला बंद पडतं. जून ते सप्टेंबर खिडकी उघडी. ऑक्टोबरात बंद.

आता एखादा परका माणूस पहिल्याच रविवारी या घरात आला असता तर दारातूनच म्हणाला असता, अहो, तुमच्या लाकडी घड्याळाशेजारी हे तीन तास काय उकळतंय? पण पोदगोऱ्यात रविवारचं सूप कुणाला दिसतच नाही. ते असतंच. पायाखाली जमीन असते तसं. रोमाननं घंटेवर संशय घेतला, बायकोवर घेतला, स्वतःच्या हातावर घेतला. पातेल्यावर संशय घ्यायला दुसऱ्या देशात जन्मावं लागलं असतं.

त्यानं घड्याळ भिंतीवरून काढलं, टेबलावर आडवं ठेवलं आणि चाकं मोकळी केली. बोटं थरथरत होती, पण आज त्यांच्याकडे बघायला त्याला सवड नव्हती. टिकटिकचं चाक, ते हातानं घासलेलं, त्यानं दोन बोटांत धरून फुंकर मारली. भिरभिर फिरलं. तिसाच्या तीस दात स्वच्छ. मग त्यानं नासपतीचं मोठं चाक उचललं, व्हर्नियर लावला. लाकडाच्या रेषेबरोबर मापलं, दोनशे तीन पूर्णांक दोन मिलिमीटर, मे महिन्यात होतं तेवढंच. रेषेला आडवं मापलं. दोनशे चार पूर्णांक एक.

"अंड्यासारखं झालंय," तो म्हणाला.

"काय?"

"चाक! गोल होतं ते अंड्यासारखं झालंय. लाकूड वाफ पितं आणि आडवं फुगतं. म्हणून दात पुढच्या चाकात रुततात आणि अडकतात. मावशी, हे चाक मशीननं कापलंय. मी नाही! मी याला हातसुद्धा लावलेला नाही!" आणि तो पासष्ट वर्षांचा माणूस चाक हातात घेऊन मटकन बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीनं पातेल्याकडे बघून स्वतःवर क्रुसाची खूण केली.

"माझ्या सुपानं बिघडलं होय?"

"सुपानं! सुपाच्या वाफेनं!"

मावशी जरा विचारात पडली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "लाकडाचं असंच रे. त्यापेक्षा प्लास्टिक बरं. माझी कवळी बघ, टक्, दर शनिवारी उकळत्या पाण्यात टाकते, तिला काही म्हणजे काही होत नाही."

रोमाननं हातातलं चाक टेबलावर ठेवलं. 

"कशात टाकतेस?"

"उकळत्या पाण्यात. लोणच्याच्या बरण्या उकळते ना, त्यांच्याबरोबर. वीस मिनिटं."

"मावशी," रोमान अगदी हळू म्हणाला, "मी तुला काय सांगितलं होतं? कोमट पाण्यात धू. कोमट!"

"कोमट पाण्यानं कोण काय धुतं? कोमट पाण्यानं मांजराला आंघोळ घालतात. मी उभ्या जन्मात जे तोंडात घातलं ते उकळून घातलं."

"कधीपासून उकळतेस?"

"पहिल्या शनिवारपासून. तू दिलीस बुधवारी, मी शनिवारी—" मावशी थांबली. तिची कवळीसुद्धा थांबली. बाई अठ्ठ्याहत्तरची होती, पण मूर्ख नव्हती. "वाकडी झाली का रे?"

"झाली. आणि मी दोनदा सरळ केली ती तू दोनदा पुन्हा शिजवलीस."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. मग हाताआडून म्हणाली, "गावात नको सांगू हं. सिल्वोला तर मुळीच नको. तो माझ्यावर गाणं करेल."

रोमाननं शब्द दिला. आणि पाळलाही, तोंडाचा घट्टच तो. त्यानं कुणालाही सांगितलं नाही. फक्त संध्याकाळी मार्येता आली तेव्हा तिला सांगितलं, आता बायकोला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे. मार्येतानं अंगातला कोटसुद्धा न काढता सगळं ऐकलं, त्याचा तो थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी त्या म्हातारीला ख्रिसमसला केक देत होते?" बुधवारपर्यंत गोष्ट नदीपलीकडच्या गावात पोचली होती. ती कशी पोचली हे मार्येताला आजवर कुणी विचारलेलं नाही.

तो आठवडा डुकराच्या खोलीतली गांधीलमाशी थांबली नाही. रोमाननं सभागृहासाठी दुसरं घड्याळ कापलं, या वेळी मोठं चाक बर्चच्या प्लायवूडचं. त्यात एकेका थराची रेषा उभी-आडवी असते, त्यामुळे कुणाला एका दिशेनं फुगायची सोयच नाही. हॉलंडच्या मास्तराला त्यानं दोन ओळी लिहिल्या, "आपला सल्ला मिळाला. हात ठीक आहे. बायकोला सूप झाकायला सांगितलं." मास्तराला काय कळलं असेल ते देव जाणे. तीस कोपरे त्यानं तीन दिवसांत घासले. सकाळी, दुपारी, कॉफीनंतरही. आणि मधल्या एका संध्याकाळी, त्याच हत्यारांनी, तोंच्का मावशीची नवी कवळी.

मार्टिनच्या रविवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मागच्या स्वयंपाकघरात बदकं भाजली जात होती, तांबड्या कोबीची कढई उकळत होती, आणि वाफ अशी भरली होती की सिल्वोच्या मिशा खाली आल्या. त्यानं घड्याळाकडे बोट दाखवून ओरडून विचारलं, "का रे रोमान, हे नासपतीचं दिसत नाही!"

"ते घरी आहे. त्याला रविवारची सुट्टी असते."

"आणि हे आज चाललं नाही तर?"

"तर तुझ्या मिशांना धरून ओढ, कदाचित चालेल."

यावर मात्र गाव सिल्वोवर हसलं, आणि पहिल्यांदाच रोमानला त्या हसण्यात कुठं काही टोचलं नाही. साडेबारा वाजले. एक वाजला. सगळ्यांचं लक्ष बदकावर, तर रोमानचं भिंतीवर. दीडला तो उठला, लंबकाजवळ जाऊन उभा राहिला, दोन मिनिटं टिक् टक् ऐकली, आणि ताट घ्यायला गेला.

तोंच्का मावशी पहिल्या ओळीत बसून बदकाची तंगडी हाडापर्यंत खात होती. आवाज नाही. शेजारच्या बायका मुद्दाम कान देऊन बसल्या होत्या. शेवटी एकीनं न राहवून विचारलं, "मावशी, आज तुमचं वाजत नाही?"

"वाजायचं काम आता भिंतीवरच्याला दिलंय," मावशी म्हणाली. "पण मला विचाराल तर ते जरा मोठ्यानंच वाजतंय. झोप कशी लागायची माणसाला इथं?"

नासपतीचं घड्याळ स्वयंपाकघरातून हलवायचं रोमानच्या मनात होतं. बैठकीच्या खोलीत जागाही केली होती. मार्येतानं हलवू दिलं नाही. आता दर रविवारी ती आठला सूप चढवते आणि खुशाल बागेत जाते. साडेदहा, पावणेअकराला रोमान खिडकीतून ओरडतो, "अडलं गं!" आणि ती आत येऊन शेवया टाकते. मांस त्या वेळी अगदी बरोबर शिजलेलं असतं, एका मिनिटाची चूक नाही. संध्याकाळी तो लंबकाला बोट लावतो, घड्याळ पुन्हा चालू लागतं, आणि मग दोघं कॉफी घेतात. त्याचा कप बशीवर अजूनही किणकिणतो. पूर्वी तो कप पटकन खाली ठेवायचा. आता किणकिणू देतो, आणि वर बशीत कॉफी सांडली तर मार्येताची बशी ओढून घेतो.